जपानी शिकवणारे आरपीजी खेळ: मराठी माणसाने ते कसे खेळावेत?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. माझी भाची नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर जपानमध्ये वृद्धसेवेच्या कामासाठी जायचे असे तिने पक्के ठरवले आहे. कुशल कामगारांसाठीचा जो नवा व्हिसा जपानने एप्रिल २०१९ मध्ये सुरू केला आणि ज्याबाबत जानेवारी २०२१ मध्ये भारताशी करार झाला, त्यासाठी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी (एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड) किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. वृद्धसेवेसाठी त्या कामापुरत्या जपानीची आणखी एक वेगळी परीक्षा असते. मी स्वतः सातपूर एमआयडीसीत नोकरीला आहे, संध्याकाळी अभ्यास करून काही वर्षांपूर्वी पुण्याला जाऊन एन-४ दिली आणि उत्तीर्ण झालो, म्हणून घरात या विषयातले प्रश्न माझ्याकडे येतात.

भाचीने आधी एका क्लासला नाव घातले होते. तेथे पहिले तीन महिने सगळे जपानी रोमन अक्षरांत लिहून शिकवले गेले, त्यामुळे तिला शंभर-दीडशे शब्द पाठ झाले, पण त्यांतला एकही लिहिलेला ओळखता येईना. तिचा उत्साह मावळू लागला तेव्हा मी तिला 'लर्न जॅपनीज टु सर्व्हाइव्ह! हिरागाना बॅटल' हा २०१६ सालचा खेळ दिला. जुन्या धर्तीचा, वरून दिसणाऱ्या नकाशावर फिरण्याचा हा आरपीजी, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेण्याचा व्हिडिओ खेळ, आहे. त्यात शत्रू म्हणून हिरागाना या जपानीच्या मूळ लिपीची अक्षरेच समोर येतात आणि त्यांचे उच्चार ओळखून त्यांच्याशी लढावे लागते. याच मालिकेत पुढे काताकाना (परकीय शब्दांसाठीची लिपी) आणि कांजी (चिनीतून आलेली, अर्थ दाखवणारी अक्षरे) यांवरचे खेळही निघाले. त्याआधीचा 'स्लाइम फॉरेस्ट अ‍ॅडव्हेंचर' हा खेळही आम्ही चालवून पाहिला. त्यात अंगावर अक्षर वागवणारे चिखलाचे गोळे चाल करून येतात आणि त्या अक्षराचा उच्चार टंकित केला की नाहीसे होतात. सध्या ती मोबाइलवर 'वागोताबी' खेळते. २०२४ साली आलेल्या या खेळात नायक जपानच्या प्रदेशांतून हिंडतो, आणि जे शब्द तो शिकला ते पात्रांच्या संवादांत हळूहळू जपानीतूनच येऊ लागतात.

हिरागानाची ४६ मूळ अक्षरे तिला दोन आठवड्यांत डोळे मिटून ओळखता येऊ लागली, हे मी मान्य करतो आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु एक गोष्ट मला खटकते. या सर्व खेळांत शिकवण्याचे माध्यम इंग्रजी आहे आणि बहुतेकांत उच्चार रोमन अक्षरांत द्यावे लागतात, म्हणजे मराठी मुलगी जपानी अक्षर पाहते, त्याचे रोमन रूप आठवते, आणि मग कोठे तिला ध्वनी मिळतो. 'त्सु' या अक्षरासाठी तीन रोमन अक्षरे पाठ करून घेण्यापेक्षा, हा आपल्या 'चूल' आणि 'चुना' यांतला च आहे, एवढे सांगितले असते तर तिला ते जन्मभर पुरले असते. हा वळसा टाळून हे खेळ खेळण्याची रीत कोणी बसवली आहे का, आणि अक्षरओळखीच्या पुढे, म्हणजे वाक्य समजण्यापर्यंत, हे खेळ खरोखर नेतात का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

रामकुंडसमोर

काका, धाग्याबद्दल आभार. मी उलट्या बाजूने आलेला माणूस आहे. मला शिकवण्यासाठी बनवलेल्या खेळांपेक्षा जपानी मुलांसाठी बनवलेल्या खेळांनीच जास्त शिकवले, म्हणून त्याबद्दल लिहितो.

माझ्या मामेभावाने जपानहून येताना जुना फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र, आणि १९८६ सालच्या पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट' या आरपीजीचे कार्ट्रिज आणले होते. जपानमधली वीज १०० व्होल्टची असल्यामुळे ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला, आणि मेनरोडवरच्या एका कारागिराने दोन दिवस खटपट करून टीव्हीची जोडणी करून दिली, तेव्हा कोठे ते चालले. त्या कार्ट्रिजची सगळी साठवण अवघी ६४ किलोबाइट, त्यामुळे त्यात कांजी नाहीच, आणि काताकानाचीसुद्धा मोजकीच अक्षरे बसवलेली आहेत. नवशिक्याला याहून सोयीचे काय असणार, असे मला वाटले. आज्ञांच्या चौकटीत आठच शब्द असतात: हानासु म्हणजे बोलणे, शिराबेरु म्हणजे शोधून पाहणे, दोगु म्हणजे सामान, जुमोन म्हणजे मंत्र, तोबिरा म्हणजे दार, काइदान म्हणजे जिना, त्सुयोसा म्हणजे ताकद आणि तोरु म्हणजे उचलणे. प्रत्येक पावलाला यांतले काहीतरी निवडावे लागते आणि चुकीचे निवडले तर जिन्यावर उभे राहूनही खाली उतरता येत नाही, त्यामुळे हे आठ शब्द मी कधी पाठ केले नाहीत आणि कधी विसरलोही नाही.

पण त्या खेळातली जी गोष्ट मला खऱ्या अर्थाने हिरागाना शिकवून गेली ती वेगळीच आहे. कार्ट्रिजमध्ये खेळ साठवून ठेवण्याची सोय नव्हती. राजाकडे गेले की तो 'फुक्कात्सु नो जुमोन', म्हणजे पुनरुज्जीवनाचा मंत्र, सांगतो. हा मंत्र २० हिरागानांचा असतो, पाच, सात, पाच आणि तीन अशा तुकड्यांत येतो आणि त्याला काहीही अर्थ नसतो. तो कागदावर उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकले तर 'मंत्र चुकला आहे' एवढेच उत्तर मिळते आणि आदल्या दिवसाचा सारा खेळ पाण्यात जातो. त्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत 'ने', 'रे' आणि 'वा' एकसारखे दिसतात, 'नु' आणि 'मे' यांत शेपटीच्या एका गाठीचा फरक, आणि 'हे' की 'बे', म्हणजे वर दोन रेघा आहेत की नाहीत, हे टीव्हीला नाक लावून पाहावे लागते. मी दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा प्रत्येक अक्षर मोठे काढून, खाली देवनागरीत उच्चार लिहून ठेवला, आणि त्यानंतर माझा एकही मंत्र चुकला नाही. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबतो, हे वाचून मात्र मला घाम फुटला होता.

तुमच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर त्या वहीत आहे. रोमन टंकायला लावणाऱ्या खेळाच्या शेजारी देवनागरी वही ठेवावी आणि हाताने लिहावे.

आठवीची आई

मी जपानी शिकत नाही, पण मुलगा आठवीत आहे आणि अ‍ॅनिमे पाहून त्याला या भाषेचा ध्यास लागला आहे. तो पोकेमॉनचा खेळ जपानी भाषा निवडून खेळतो आणि हा अभ्यासच आहे असे मला ठासून सांगतो. कॉलेजरोडवर क्लास पाहून आले, शुल्क परवडण्यासारखे आहे, पण तो म्हणतो क्लासची गरज नाही. खेळातून शिकलेले परीक्षेत उपयोगी पडते का, आणि काही चुकीचे डोक्यात बसण्याचा धोका आहे का, एवढे कोणी स्पष्ट सांगितले तर मला निर्णय घेता येईल.

शिक्षिका_कॉलेजरोड

ताई, आपल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा आहे.

आपला मुलगा खोटे बोलत नाही. २०१३ साली आलेल्या पोकेमॉनच्या एक्स आणि वाय या भागांपासून खेळ सुरू करतानाच भाषा निवडता येते, आणि जपानीत नुसत्या कानाक्षरांत (हिरागाना-काताकानात) की कांजीसह खेळायचे हेही ठरवता येते. मुले साहजिकच पहिला पर्याय घेतात. येथे मी त्यांना थांबवते. नुसत्या हिरागानात लिहिलेले जपानी सोपे दिसते, पण मोठ्या शिकणाऱ्याला ते पुढे अधिक अवघड जाते, कारण 'हाशी' हा एकच शब्द पूल, जेवणाच्या काड्या आणि कड अशा तीन अर्थांनी येतो, 'कामी' म्हणजे कागद, केस आणि देव, आणि हे अर्थ वेगळे करण्याचे काम कांजी करते. ज्या खेळांत कांजीच्या डोक्यावर बारीक हिरागानात उच्चार छापलेला असतो, ते मी विद्यार्थ्यांना आवर्जून सुचवते. 'नी नो कुनी' आणि 'योकाई वॉच' यांच्या जपानी आवृत्त्यांत ही सोय आहे. दैनंदिन वापरासाठी ठरवून दिलेल्या कांजींची संख्या २,१३६ आहे. ती याद्यांतून पाठ होत नाही, पुन्हापुन्हा भेटूनच ओळखीची होते, आणि लांबलचक आरपीजीइतकी ही भेट दुसरे क्वचितच काही घडवते.

परीक्षेचे सांगायचे तर जेएलपीटीत बोलणे नाही आणि हाताने लिहिणेही नाही. सर्व प्रश्न पर्यायांचे असतात. एन-५ ला १८० पैकी ८० गुण लागतात, पण त्याबरोबर श्रवणाच्या ६० पैकी किमान १९ मिळावेच लागतात. जुने खेळ मुके आहेत. पडद्यावरचे वाचून वाचून तयार झालेला मुलगा वाचनात उत्तम गुण मिळवतो आणि श्रवणात एकोणिसाच्या खाली राहून नापास होतो, हे मी माझ्या वर्गात पाहिले आहे. तेव्हा खेळ असावा, आणि त्याच्या जोडीला बोलणारा माणूसही असावा.

चुकीचे काय बसते, हा आपला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आरपीजीमधली पात्रे जशी बोलतात तसे जपानमध्ये प्रत्यक्षात कोणी बोलत नाही. म्हातारा ऋषी स्वतःला 'वाशी' म्हणतो आणि वाक्य 'जा' ने संपवतो, उद्धट वीर स्वतःला 'ओरे' म्हणतो, सामुराई 'दे गोझारु' म्हणतो. बोलणाऱ्याचे सोंग कानावर पडताच ओळखू यावे म्हणून घडलेल्या या भाषेला सातोशी किन्सुई या भाषाशास्त्रज्ञांनी 'याकुवारीगो', म्हणजे भूमिकेची भाषा, असे नाव दिले. केवळ ऐतिहासिक मालिका पाहून मराठी शिकलेल्या परदेशी माणसाने उद्या बँकेच्या खिडकीशी उभे राहून 'आज्ञा व्हावी' म्हटले, तर कारकुनाला अर्थ कळेल आणि तरीही काहीतरी बिनसल्याचे जाणवेल. मुलाखतीत 'ओरे' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे तसेच होते. खेळातले संवाद वाचून समजावेत, मात्र बोलण्यासाठी 'वाताशी' आणि 'देसु-मासु' हे सभ्य रूपच घोटावे, असे मी पहिल्या दिवसापासून सांगते.

सातपूरकर, रोमनच्या वळशाबद्दलची आपली तक्रार मला शंभर टक्के पटते. हिरागानाचा क्रम का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. यांतली 'सा' ची ओळ आपल्या च-वर्गाच्या जागी आहे आणि 'हा' ची ओळ प्राचीन काळी 'पा' अशी उच्चारली जात होती, हे कळले की क, च, त, न, प, म, य, र, व ही आपली वर्णमालाच समोर उभी राहते. हा योगायोग नव्हे. कूकाई हा भिक्षू ८०६ साली चीनहून परतला तेव्हा सोबत संस्कृत लेखनाच्या सिद्धम् लिपीची विद्या घेऊन आला, आणि भिक्षूंच्या त्या अभ्यासातून पुढे हा वर्णक्रम आला. सिद्धम् ही ब्राह्मीची वंशज आहे, आणि ब्राह्मी आपल्या पांडवलेण्यांच्या भिंतींवर कोरलेली आहे. नव्या विद्यार्थ्यांची तुकडी आली की मी एका रविवारी त्यांना तेथे घेऊन जाते आणि शिलालेखासमोर उभे करून ही कथा सांगते. त्यानंतर बाराखडी म्हणावी तशी ती मुले का-कि-कु-के-को म्हणतात.

सातपूरकर

ताई, आपल्या प्रतिसादाने मला बळ आले. वाक्यांबद्दल माझे जे निरीक्षण आहे ते आता धीटपणे मांडतो. चुकत असेन तर अवश्य सुधारावे.

आरपीजीमध्ये गावकरी नायकाला सतत कामे सांगत असतात. त्यांतले एक वाक्य भाची आणि मी इतक्यांदा वाचले की ते घरात बोलण्यात येऊ लागले: 'याकुसो ओ मोत्ते किते कुरे'. याकुसो म्हणजे औषधी वनस्पती, आणि ओ हा कर्माचा प्रत्यय. इंग्रजी भाषांतरात याचे 'आण' एवढेच होते आणि मधल्या तीन क्रियापदांचे काय झाले हे कळत नाही. मराठीत ती तिन्ही जागच्या जागी आहेत. मोत्ते म्हणजे घेऊन, किते म्हणजे येऊन, कुरे म्हणजे दे. 'वनस्पती घेऊन येऊन दे' हे आपल्या कानाला जरा अवजड वाटेल, पण 'घेऊन ये' आणि 'आणून दे' हे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, आणि जपानी माणूस ती दोन्ही एका दमात म्हणतो.

हा धागा धरून आम्ही पुढे गेलो. 'ताबेते मिरु' यात मिरु म्हणजे बघणे, आणि आपण 'खाऊन बघ' म्हणतो. 'काइते ओकु' यात ओकु म्हणजे ठेवणे, आणि आपण 'लिहून ठेव' म्हणतो. 'वासुरेते शिमाउ' यात शिमाउ म्हणजे संपवणे, आवरणे, आणि 'विसरून गेलो' किंवा 'विसरून बसलो' यातली हळहळ त्यात तशीच आहे. 'योन्दे मोराउ' पाशी तर भाची थबकलीच. मोराउ म्हणजे मिळणे, घेणे. एखाद्याकडून वाचून घेणे. क्लासमध्ये दिलेल्या इंग्रजी टिपणात याच्या स्पष्टीकरणाला अर्धे पान लागले होते, आणि 'मी आजोबांकडून पत्र वाचून घेतले' असे मी म्हणताच ती म्हणाली, 'मामा, मग यात शिकायचे काय आहे?'

मला आता असे वाटते की हे खेळ वाक्यापर्यंत नेतात, पण त्यांनी दिलेला इंग्रजी अर्थ बाजूला ठेवून प्रत्येक वाक्य मराठीत मोडून पाहिले तरच. रामकुंडसमोर यांची वहीची सूचना आम्ही त्याच रात्री अमलात आणली. डाव्या पानावर खेळातले वाक्य हिरागानात, उजव्या पानावर त्याच क्रमाने मराठी, शब्दाखाली शब्द. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम दोन्हीकडे तोच असल्यामुळे रेघा सरळ खाली येतात.

शिक्षिका_कॉलेजरोड

चुकत नाही आहात. फक्त जेथे ही वाट संपते त्या जागा वहीतच लाल शाईने नोंदवून ठेवा. आपल्याकडे 'देणे' एकच आहे. जपानीत मला देणे ते 'कुरेरु' आणि मी दुसऱ्याला देणे ते 'आगेरु', आणि येथे मराठी माणूस हमखास चुकतो. 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली' असे क्रियापद आपल्याकडे कर्माप्रमाणे बदलते, जपानीत ते कोणाप्रमाणेच बदलत नाही. 'वा' (विषय दाखवणारा) आणि 'गा' (कर्ता दाखवणारा) या प्रत्ययांचा भेद तर मराठीच्या आधाराने पुरता सुटत नाही. 'तर' आणि 'च' यांची थोडी मदत होते, पण त्यावर विसंबू नये. दीर्घ स्वरांकडेही लक्ष असू द्या. 'बिरु' म्हणजे इमारत आणि 'बीरु' म्हणजे बिअर, आणि इकार-उकाराचे ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळले तरी बोलताना हल्ली सोडून दिले आहे, त्यामुळे हा फरक आपल्या तोंडून निसटतो.

आठवीची आई

आभारी आहे. मुलाला आपला प्रतिसाद वाचायला दिला. त्याने आपणहून खेळाची मांडणी कांजीसह करून घेतली, त्यासाठी आधीचा साठवलेला खेळ पुसावा लागला तरी. क्लासबद्दल अजून बोलणी चालू आहेत. श्रवणाचे १९ गुण त्याच्या मनाला लागलेले दिसतात.

नाशिकरोडची_परिचारिका

काका, तुमच्या भाचीसारखीच मीही वृद्धसेवेच्या परीक्षेची तयारी करते आहे, आणि रात्रपाळीच्या विश्रांतीत मोबाइलवर हेच खेळ खेळते. एक अनुभव लिहिते. 'याकुसो' हा शब्द मला परीक्षेत कधी भेटणार नाही, असे मी धरून चालले होते. पण त्यातला 'याकु' लिहिण्याची जी कांजी आहे तीच 'कुसुरी' म्हणजे औषध या शब्दाची, तीच 'याक्क्योकु' म्हणजे औषधालय या शब्दाची, आणि तिच्या डोक्यावर गवताची खूण आहे. आपल्याकडे जडीबुटीतून औषध आले तसेच हे, असे मनात आले आणि ती कांजी तेव्हापासून विसरले नाही. तेथे गोळीसुद्धा 'पितात', म्हणजे 'कुसुरी ओ नोमु' म्हणतात, हे मात्र खेळाने नव्हे, पुस्तकाने शिकवले.

परवा श्रवणाच्या सरावात एक वाक्य आले, 'कुसुरी ओ मोत्ते किते कुदासाइ', आणि मला ते पहिल्या ऐकण्यात समजले, कारण खेळातला म्हातारा तेच सांगत असतो. पण मग शंका आली. तो 'कुरे' म्हणतो, येथे 'कुदासाइ' आहे, आणि वॉर्डात मी माझ्या वरिष्ठांशी बोलताना नेमके काय म्हणायचे?

शिक्षिका_कॉलेजरोड

बाळ, हे तुला मराठीतूनच सांगते. 'मोत्ते कोइ' म्हणजे 'घेऊन ये' हा धाक. ते खलनायकाच्या तोंडी असते, तू कधीही म्हणू नकोस. 'मोत्ते किते कुरे' म्हणजे 'आणून दे रे', हे गावातला वडीलधारा किंवा बरोबरीचा मित्र म्हणतो. 'मोत्ते किते कुदासाइ' म्हणजे 'आणून द्या', आणि ज्या आजी-आजोबांची तू सेवा करशील ते तुला हे किंवा याहून मोकळे बोलतील, म्हणून ते ऐकून समजले पाहिजे. वरिष्ठांना मात्र तू 'मोत्ते किते इतादाकेमासु का' असे म्हण, म्हणजे 'आणून द्याल का'. यातला 'इतादाकु' हा 'मोराउ' चा नम्र अवतार आहे, जो सातपूरकरांच्या वहीत 'वाचून घेतले' च्या शेजारी आधीच लिहिलेला आहे. ती ओळ उतरवून घे आणि तिच्याखाली ही चारही वाक्ये, याच क्रमाने, हाताने लिही. रविवारी पांडवलेण्यांना येणार असशील तर वही घेऊन ये, मी तपासून देईन.